द्राक्षं उतरली, खडखड्या उतरेना

हेद्विका आमच्या खालच्या गावातल्या गरम पाण्याच्या तलावावर जीवरक्षक आहे. म्हणजे दिवसभर उंच खुर्चीवर बसून पाण्याकडे बघायचं आणि कुणी बुडायला लागलं की उडी मारायची. आता या तलावाचं पाणी कमरेपर्यंत. त्यात उतरणारी मंडळी सत्तरीच्या पुढची, गुडघे शेकायला आलेली. त्यांना बुडायचंच असेल तर आधी खाली बसावं लागेल, आणि खाली बसता आलं असतं तर ती तलावावर आली कशाला असती? पण हेद्विकाच्या गळ्यातल्या शिट्टीला विसावा नाही. कुणी पायरीवर जरा थबकला, शिट्टी. कुणी डोळे मिटून काठाला टेकला, शिट्टी. एकदा निवृत्त स्टेशनमास्तर पाण्यात उभ्या उभ्या घोरायला लागले, तर हिनं कपड्यांसकट उडी मारून त्यांना बाहेर ओढून काढलं. स्टेशनमास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तलावावर येणं मात्र टाकलं नाही. खरं सांगायचं तर सगळ्या म्हाताऱ्यांना ती शिट्टी आवडते. या वयात आपण जगतोय की नाही याची इतकी चौकशी दुसरं कोण करतं?

काळजी करणं हा हेद्विकाचा स्वभाव म्हणणं म्हणजे पाणी ओलं असतं असं म्हणणं आहे. घराबाहेर पडताना ती कुलूप ओढून बघते आणि मग कुंपणावरून मला हाक मारते. "स्लावको काका, तुम्ही पण एकदा ओढून बघा ना." मी ओढून बघतो. ती म्हणते, "इतकं जोरात नको, तुटेल." आम्ही शेजारी आहोत. दोन्ही घरांच्या मधे कुंपण आहे आणि वर टेकडीवर दोन्ही द्राक्षमळ्यांच्या मधे तेवढंही नाही.

तिला वाढवलं तिच्या आजोबांनी, म्हणजे व्हिंकोनं. आई ती लहान असतानाच ऑस्ट्रियात कामाला गेली आणि तिथंच दुसरा संसार मांडून बसली. व्हिंको हा माणूस असा की त्याच्या अंगात काळजीचं हाडच नव्हतं. दुपारी तलावावरून हेद्विकाचा फोन यायचा.

"आजोबा, गॅस बंद केला ना?"

"केला."

"बघून सांगा."

"हेदी, मी मळ्यात आहे. गॅस घरात आहे."

"मग बंद आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

यावर व्हिंकोचं उत्तर ठरलेलं असे. तो फोन हातात धरून आकाशाच्या दिशेनं उंच करी. वर खांबावर त्याचा खडखड्या वाजत असे. तो थोडा वेळ तिला ऐकवायचा आणि फोन परत कानाला लावायचा. "ऐकलंस? वाजतोय. म्हणजे वारा आहे, मी आहे, आणि घर पेटलेलं नाही. आता तू तुझ्या म्हाताऱ्यांकडे बघ." आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्यानं तिचं समाधान व्हायचं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नसतं इतकं.

खडखड्याला आमच्याकडे क्लोपोतेत्स म्हणतात. द्राक्षं पिकायला लागली की पाखरं येतात, आणि पाखरांना हाकलायला दर टेकडीवर उंच खांबावर हे लाकडी यंत्र चढवायचं. वाऱ्यानं पाती फिरतात, पात्यांच्या दांड्यावरच्या लाकडी हातोड्या फळीवर आपटतात, आणि दिवसभर टेकडी बोलत राहते. पाखरं त्याला किती भितात हे पाखरांनाच ठाऊक. पण माणसांचा त्याच्यावर फार जीव. प्रत्येकाचा खडखड्या वेगळा बोलतो. मला झोपेतसुद्धा सांगता येईल की हा माझा, हा व्हिंकोचा, आणि तो पलीकडचा, ज्याची फळी स्वस्तातली आहे. उन्हाळ्यात चढवतात आणि सर्व संतांच्या दिवसाआधी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेआधी, उतरवतात. त्यात कुचराई चालत नाही. मेलेली माणसं त्या दिवसात आपल्या घराकडे फिरकतात असं इथं मानतात, आणि त्यांना शांतता हवी असते. आयुष्यभर ऐकलेली खडखड मेल्यावरही कोण ऐकेल?

यंदा द्राक्षतोडणीच्या शेवटच्या दिवशी व्हिंको गेला. मळ्यातच, उलट्या क्रेटवर बसून, जेवता जेवता. हेद्विका तेव्हा तलावावर होती. फोन मी केला. तिनं ऐकलं, "बरं" म्हणाली, आणि बदलीचा माणूस येईपर्यंत खुर्चीवरून उतरली नाही. पाण्यात माणसं होती. म्हाताऱ्यांना काही कळलं नव्हतं, पण नंतर स्टेशनमास्तरांनी मला सांगितलं की त्या अर्ध्या तासात तिनं एकदाही शिट्टी वाजवली नाही, आणि त्यांनाच भीती वाटायला लागली.

दफन झालं. द्राक्षं पिंपात गेली. वेलींवर पानंसुद्धा पिवळी पडून गळायला लागली, पाखरांनी खावं असं मळ्यात काहीच उरलं नाही. एकेका टेकडीवरचे खडखडे उतरले. मी माझा उतरवला. व्हिंकोचा मात्र रिकाम्या मळ्यावर दिवसभर वाजतच राहिला.

सुरुवातीला कुणी काही बोललं नाही. दुःख आहे, चालायचंच. ऑक्टोबर अर्धा सरला तसे टोमणे सुरू झाले. दुकानात कुणी विचारी, "हेदी, तुझ्या मळ्यात अजून काय राखतेस गं? खांब?" हेद्विका पाव मोजून घेई आणि निघून जाई. खांबावर चढून तो उतरवून देतो असं मी म्हटलं, तर म्हणाली, "काका, तुमचा गुडघा. पडलात तर?" दोघातिघांनी मदत देऊ केली, त्यांना काही ना काही कारण सांगितलं. कधी वारा जास्त, कधी वारा कमी.

माझ्या बायकोला, तिल्काला, हे सहन होण्यासारखं नव्हतं. आमच्या कबरस्तानात कुणाची शेवंती किती कुंड्यांची, कुणाची मेणबत्ती किती वेळ जळते, कुणी प्लास्टिकची फुलं ठेवून देवाला फसवतंय, या सगळ्यावर तिल्काची नजर असते. सरकारनं नेमलेलं नाही, तरी ती काम चोख करते.

"पहिलाच सर्व संतांचा दिवस आहे त्याचा," ती मला म्हणाली. "माणूस पहिल्यांदा घराकडे येणार, आणि वर हे थडाथडा? तो परत जाईल!"

"व्हिंको? तो खांबाखाली उभा राहून सूर लावत बसेल."

"तू गप्प बस. मरणाच्या वेळी तो किती बदलला होता ते तुला ठाऊक आहे."

इथं मला गप्प बसावंच लागलं, कारण व्हिंकोच्या मरणाबद्दल तिल्काची एक अधिकृत आवृत्ती गावात फिरत होती. तिच्यानुसार व्हिंकोनं शेवटच्या क्षणी माझा हात हातात घेतला, भरल्या क्रेटांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "देवा, पीक चांगलं दिलंस, तुझे आभार." तिल्का त्या वेळी तिथं नव्हती. मी होतो. पण लोकांनी माझ्याकडून ऐकण्याआधी तिच्याकडून ऐकलं होतं, फादरनी ते दफनाच्या वेळी वाचूनही दाखवलं होतं, आणि बायकोच्या बातमीवर खुलासा काढायची पद्धत आमच्या घरात नाही.

हेद्विकानं मात्र ते वाक्य ऐकल्यापासून तिच्या डोळ्यांत काहीतरी बसलं होतं. मला ते दिसत होतं, कळत नव्हतं.

एके सकाळी ती कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "काका, आज आवाज वेगळा येतोय. कुरकुरतोय. दांडा कोरडा पडला असेल का? दांडा घासून आग लागते का हो?"

"लाकडाला लाकूड घासून आग लावायला आदिमानवाला अख्खा दिवस लागायचा. थोडी चरबी लाव."

हे बोलताना मी कुणाशी बोलतोय याचा विसर पडला. हेद्विकाला "थोडी" हा शब्द ठाऊक नाही. खुर्चीवर चढताना खाली उशी ठेवणारी ही मुलगी त्या दिवशी कमरेला दोर बांधून, खांबाच्या खुंट्यांवर पाय देत वर गेली आणि डुकराची अख्खी बरणीभर चरबी त्या दांड्याला फासून आली. वर चढली यावरून मला कळायला हवं होतं की प्रकरण गंभीर आहे. दुसऱ्या दिवशी मळ्यात जाऊन बघतो तो काय! पिवळ्या पोटाचे चिमुकले पक्षी, गावभरचे, खांबाच्या टोकाला पंगत मांडून बसलेले. वारा पडला की दांड्यावरची चरबी टोचायचे, वारा आला की जरा उडायचे, पाती एक फेरा फिरली की परत हजर. पाखरं हाकलायचं यंत्र पाखरांची खानावळ झालं होतं.

मी पोट धरून हसलो. हेद्विका हसली नाही. ती काळवंडली.

"त्यांच्या पंखाला लागेल, काका. पातं लागून मरतील."

"मग उतरव की. आज वारा नाही, आत्ता उतरवू."

"नको."

"का पण? द्राक्षं नाहीत, आजोबा नाहीत..."

"तो थांबला की मला ऐकू येतं," ती म्हणाली.

"काय ऐकू येतं?"

ती चिंधी घेऊन वर चढली आणि चरबी पुसत बसली, आणि मी खाली दोर धरून तिच्याकडे बघत राहिलो. पाखरं माझ्या डोक्यावरून शिव्या देत उडत होती.

घरी येऊन मी तिल्काला म्हटलं, "पोरगी झोपत नाहीये. रात्री वारा पडला की तिच्या घरात दिवा लागतो. काहीतरी करायला हवं."

तिल्काचा उपाय सगळ्या रोगांवर एकच, हाताला काम. सर्व संतांच्या दिवसानंतर लगेच येतो आभाराचा रविवार. त्या दिवशी दर वाडीनं आपल्या पिकाचं एक तोरण करून चर्चमध्ये वेदीपुढे ठेवायचं, वर्षाच्या पिकाबद्दल आभार म्हणून. आमच्या वाडीचं तोरण तिल्काच्या स्वयंपाकघरात तयार होतं. तिनं हेद्विकाला बोलावून टेबलाशी बसवलं, पुढ्यात मक्याच्या कणसांची वाळलेली सालं, भोपळ्याच्या बिया, गव्हाच्या काड्या आणि सुतळीचं बंडल टाकलं, आणि उजेडाला दोन मेणबत्त्या लावल्या.

"सालं कोमट पाण्यात बुडव. मऊ झाली की दुमड, मधे बांध, आणि पाकळ्या उघड. फूल झालं. लहान मुलंसुद्धा करतात."

हेद्विकानं पहिलं साल पाण्यात बुडवलं. "किती वेळ, काकू?"

"मऊ होईपर्यंत."

"जास्त वेळ राहिलं तर सडेल?"

"तू मरेपर्यंत ठेवलंस तर सडेल."

"आणि काकू, या मेणबत्त्यांच्या शेजारी इतकी वाळलेली सालं..."

"स्लावको!" तिल्का ओरडली. "पाण्याची बादली आणून हिच्या पायाशी ठेव, नाहीतर हे तोरण नाताळातसुद्धा पुरं व्हायचं नाही."

मी बादली आणली. मग जरा बरं चाललं. हेद्विकाचं पहिलं फूल कोबीसारखं झालं, दुसरं पायाखाली आलेल्या कोबीसारखं. पण तिसऱ्या-चौथ्यापासून तिचे हात शांत झाले. साल उचलायचं, निथळायचं, दुमडायचं, सुतळीचा एक फेरा, आणि अंगठ्यानं पाकळी हळूच बाहेर. तोंडानं प्रश्न विचारायचे थांबले. तिल्का माझ्याकडे बघून भुवया उडवत होती, म्हणजे बघ, मी काय म्हटलं होतं.

आणि तिथंच तिल्कानं घोळ केला. प्रेमानंच केला, तिचे घोळ नेहमी प्रेमातूनच होतात. ती हेद्विकाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "छान. आता हे मधलं मोठं फूल तू आजोबांच्या नावानं कर. आभाराचं. त्यांनी शेवटच्या श्वासाला देवाचे आभार मानले, आपणही मानायला नकोत?"

हेद्विकाचे हात थांबले.

"आजोबांनी देवाचे आभार मानले?" ती म्हणाली. "काकू, आजोबा गारा पडल्या की मळ्यात उभं राहून देवाला आई-बापावरून बोलायचे. पीक चांगलं आलं तर म्हणायचे, 'यंदा लाज वाटली वाटतं त्याला.' ते असं बोलणारच नाहीत. तुम्ही सगळे माझ्यापासून काहीतरी लपवताय."

"अगं, मरताना माणूस..."

"मरताना काय? त्यांनी हाक मारली का? मला हाक मारली? मदत मागितली? मी तिथं नव्हते, काकू. मी त्या तलावावर बसून दुसऱ्यांचे आजोबा राखत होते. कमरेएवढ्या पाण्यात! आणि मी कशाचे आभार मानू?" ती उठली. पाय लागून बादली कलंडली आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं. एरवी तिनं आधी सगळ्यांना घसरू नका म्हणून बजावलं असतं. त्या दिवशी ती तशीच निघून गेली.

तिल्का खाली बसून फडक्यानं पाणी टिपायला लागली. बराच वेळ टिपत होती. मग वर न बघता म्हणाली, "लोकांना काहीतरी सांगायला लागतं, स्लावको. मी कुणाचं वाईट सांगितलं नव्हतं."

"नाही."

"चांगलंच सांगितलं होतं."

"फार चांगलं सांगितलं होतंस," मी म्हटलं. "एवढं चांगलं की व्हिंकोला कुणी ओळखलंच नाही."

सर्व संतांच्या आदल्या दिवशी सकाळपासून वारा सुटला. साधा वारा नव्हे. रेडिओनं आधीच सांगितलं होतं आणि नेहमीप्रमाणे आम्ही विश्वास ठेवला नव्हता. सगळी वाडी खाली कबरस्तानात, शेवंतीच्या कुंड्यांना दगडांनी टेकू देत होती. मी घरामागं लाकडं झाकत होतो आणि वरून येणारा आवाज ऐकत होतो. खडखड्या आता खडखडत नव्हता, किंचाळत होता. हातोड्यांचा वेगळा वेगळा आवाज येईनासा झाला होता, सगळं मिळून एकच लांब कर्कश रेघ. असा तासभर चालला तर पाती फुटतात. फुटलेलं पातं कुठंही जाऊन पडतं, आणि त्या खांबाच्या खालून कबरस्तानाकडे जाणारी पाऊलवाट आहे.

मी धापा टाकत वर पोचलो तर हेद्विका आधीच तिथं. कमरेला दोर, गळ्यात शिट्टी.

"काका, हे घाला." तिनं माझ्या डोक्यावर व्हिंकोचं जुनं मोपेडचं हेल्मेट दाबलं. ते मला लहान होतं, त्याचे पट्टे गालात रुतले. "खाली दोर तुम्ही धरा. पाऊलवाटेवरून कुणी आलं तर शिट्टी वाजवा." तिनं शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

"हेदी, वर मी जातो."

"तुमचा गुडघा, काका."

"मग वारा पडेपर्यंत थांब."

"तोवर तो तुटेल. आजोबांचा आहे." तिचे ओठ पांढरे झाले होते. "खालून कुणी जाईल. मुलं असतील. मी... मला फार भीती वाटतेय, काका. खांब हलतोय ना?"

"हलतोय," मी म्हटलं. खोटं सांगायला वेळ नव्हता.

ती चढली. ती कशी चढली ते मला सांगता येणार नाही, कारण मी अर्धा वेळ डोळे मिटून होतो आणि अर्धा वेळ दोराकडे बघत होतो. मधूनच वरून तिचा आवाज येई, "काका, दोर सैल नको!" मग, "एवढा घट्ट पण नको!" खांब वेलीच्या काठीसारखा झुलत होता. टोकाला पोचल्यावर ती थांबली. पाती तिच्या तोंडापुढं गरगरत होती, त्यात हात घातला तर हात गेलाच. वाऱ्याच्या दोन झोतांमधे जी एक क्षणभर उसंत येते तिची वाट बघत तिनं खांबाला मिठी मारली. मला वाटलं, आता ती कायमची तिथंच राहणार. उसंत आली. पाती मंदावली. तिनं हात घातला, पातं धरलं, छातीशी ओढलं आणि दोरीचा फास टाकला.

आणि सगळं गप्प झालं.

वारा होताच, तो वेलींतून वाहत होता. पण टेकडी गप्प झाली. मी इतक्या वर्षांत ती शांतता कितीतरी वेळा ऐकली असेल, दर शरदात होतेच. त्या दिवशी मात्र मी दोर आणखी घट्ट धरला. वर हेद्विका खांबाला धरून डोळे मिटून होती. तिला जे ऐकू येईल म्हणून भीती होती त्याची ती वाट बघत होती हे मला तेव्हा कळलं.

"हेदी!" मी खालून ओरडलो. "त्यानं हाक मारली नाही!"

तिनं डोळे उघडले.

"मी होतो ना तिथं! त्यानं कुणालाच हाक मारली नाही! देवालासुद्धा नाही!"

"मग काय म्हणाले?" वाऱ्यात तिचा आवाज बारीक आला.

आता हे खांबाच्या टोकाशी असलेल्या माणसाला ओरडून सांगायचं म्हणजे कठीण. मी हेल्मेट सारखं केलं. "तो पाव खात होता! चरबीत मुरवलेलं मांस लावलेला! वर बघून म्हणाला, ती तिसरी हातोडी बघ, उशिरा पडते! स्लावको, ती तुझ्यासारखी आळशी झालीय! खाली उतरवली की हिचं मुंडकं बदलून टाकतो!"

"आणि मग?"

"मग म्हणाला, कांदा आण!"

"काय?"

"कांदा! छोटा! म्हणाला, मोठा आणू नकोस, माझे दात बघ!" मला हसू आणि रडू एकदम यायला लागलं. "मी कांदा आणायला गाडीपाशी गेलो, हेदी. परत आलो तर तो गेलेला. हात मी धरलाच नव्हता. मी हाकेच्या अंतरावर होतो आणि तरी मीही नव्हतो. तो गेला तेव्हा कुणीच नव्हतं. त्याचं तोंड भरलेलं होतं आणि तो वैतागलेला होता. आता मात्र खाली ये, माझे हात गळाले!"

वरून आवाज आला. मी आधी घाबरलो, मग ओळखला. हेद्विका हसत होती. खांबाला मिठी मारून, नाक गळत असताना, हुंदके देत हसत होती. "छोटा कांदा!" ती म्हणत होती. "छोटा!"

तेवढ्यात पाऊलवाटेवरून तिल्का वर येताना दिसली, हातात शेवंतीची कुंडी, आणि मी जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकली.

खडखड्या आम्ही तिघांनी मिळून उतरवला. दोरानं खाली सोडताना हेद्विकानं इतक्या सूचना केल्या की तिल्कासुद्धा दमली. सर्व संतांचा दिवस शांततेत गेला. व्हिंकोच्या कबरीवर मेणबत्त्या ठेवल्यावर हेद्विकानं आजूबाजूची वाळलेली पानं वेचून दूर नेऊन टाकली, शेजारच्या कबरींवरचीसुद्धा, आणि मग तिल्काच्या कानाशी लागून विचारलं की मेणबत्तीभोवतीची काच तडकते का. तिल्का म्हणाली, "तडकली तर आतली ज्योत विझेल, बाहेरचा माणूस पळेल. चल."

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन ती माझ्या शेडमधे आली, तिसरी हातोडी हातात घेऊन. ती खरोखरच एका बाजूनं झिजली होती. मी बीचचं सुकं लाकूड दिलं, सुरी दिली. "अंगठा पात्याच्या मागं ठेव."

"मागं म्हणजे इथं?"

"तिथं ठेवलास तर तो तुझा राहणार नाही."

हातोडी कोरणं म्हणजे काही मोठी कला नाही. एक लाकडाचं मुंडकं, त्याला दांडा, भोक नीट पडलं की झालं. पण तिनं एक कोरलं, ते जड झालं. दुसरं हलकं झालं. प्रत्येक वेळी ती दोन बोटांत धरून फळीवर आपटून बघायची, कान लावायची आणि म्हणायची, "नाही, उशिरा." मला काही फरक कळत नव्हता. व्हिंकोला कळला असता. तिलाही कळतो हे तिला बहुधा तेव्हाच कळलं, कारण एकदा ती कोरता कोरता थांबली आणि म्हणाली, "काका, आजोबांनी मला हे कधी शिकवलं? मी तर नुसती खाली उभी राहून 'पडाल, पडाल' म्हणत असायची."

"तेवढ्यात कानावर पडलं असेल."

तिनं लाकडाचा भुसा फुंकला. मग कोरता कोरता, सुरीवरची नजर न काढता म्हणाली, "बरं झालं मी ओरडत असायची. नाहीतर मी त्या खांबाखाली आलेच नसते." तेवढ्यावर ती थांबली. मी आभाराबिभाराचं नाव काढलं नाही. तिल्का असती तर काढलं असतं.

शनिवारी ती स्वतःहून तोरणाकडे आली. मधलं मोठं फूल तिनं केलं. चांगलं झालं, कोबीशी त्याचं काही नातं राहिलं नाही. मग खिशातून एक कांदा काढून तिनं तो फुलाखाली सुतळीनं बांधला.

"कांदा?" तिल्का म्हणाली. "वेदीपुढे? लोक काय म्हणतील?"

"पीक आहे, काकू."

"मग निदान जरा बरा, मोठा तरी..."

"मोठा नको," हेद्विका म्हणाली.

तिल्कानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. आणि माझी बायको, जिनं आजवर कबरस्तानातल्या एका वाकड्या मेणबत्तीला माफ केलं नाही, तिनं निमूटपणे सुतळीची दुसरी गाठ मारली. रविवारी चर्चमधे फादर त्या तोरणापुढं थबकले, कांद्याकडे बघून काही विचारणार होते, पण तिल्कानं त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पुढच्या वाडीच्या भोपळ्याकडे वळले.

सोमवारी सकाळी आमच्याकडे तलावावरून फोन आला. फोनवर स्टेशनमास्तर.

"हेद्विका आली नाही. दार बंद आहे. आम्ही सगळे बाहेर टॉवेल गुंडाळून थंडीत उभे आहोत. तिला काही झालं का?"

तिला उशीर कधी होत नाही. ती तासभर आधी जाऊन पाण्याची खोली मोजते, रात्रीत वाढली तर म्हणून. मी चप्पल घालायचीही विसरलो. तिल्का मागून "काळजी घे" ओरडली आणि मग स्वतःच माझ्या पुढं धावली. हेद्विकाचं दार आतून बंद. आम्ही खिडकीशी गेलो.

आत शांत होतं. बाहेर वारा नव्हता, टेकडी गप्प, रिकामा खांब उभा. आणि त्या शांततेत आतून आवाज येत होता, लांब, संथ, जाड. हेद्विका घोरत होती. तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबतोय, उशाशी घड्याळ कोकलून कोकलून बंद पडलेलं.

मी खिडकीवर टकटक करायला हात उचलला. तिल्कानं तो धरून खाली ओढला.

"पण ते म्हातारे, तिल्का..."

"उभे राहू देत," ती कुजबुजली. "तलाव कुठं पळून जातोय? जा, त्यांना सांग, दुपारनंतर या म्हणावं."

मी गाडी काढली. तलावाच्या दाराशी सगळी मंडळी टॉवेलात कुडकुडत होती. मला बघून स्टेशनमास्तर पुढं आले. "काय झालंय तिला? स्पष्ट सांग."

"झोपलीय," मी म्हटलं.

"झोपलीय? सकाळी? आणि तिला कुणी उठवलं नाही?" त्यांचा चेहरा काळजीनं पार उतरला. "श्वास चालू आहे हे बघितलं का नीट?"

आणि त्यांनी मला परत बघून यायला लावलं.